निंतितु

लिफाफा जाड होता. मष्णू बिर्ज्यांनी तो
पोचपावतीसकट टेबलावर ठेवला
आणि म्हणाले, "वाच गे बाय, काय लिवलंय."

खानापुरात, कचेरीच्या कंपाउंडला टेकून
माझं टायपिंगचं छप्पर.
कानडीतलं मराठीत, मराठीतलं कानडीत,
पानाला चाळीस रुपये. शिक्का अस्पष्ट असेल तर पन्नास,
कारण डोळे माझे जातात.

वाचलं:
मलप्रभेच्या डाव्या तीरावरची संरक्षक भिंत,
लांबी एकशे ऐंशी मीटर, मुदत अकरा महिने,
गुत्तेदाराच्या 'लोपा'मुळे करार रद्द,
'ठेवणी' मुट्टुगोलु.

इथे थबकले.
लोप म्हणजे आपल्याकडे नाहीसं होणं,
तिकडे कसूर.
ठेवणी तिकडे अनामत,
आपल्याकडे ठेवणीतलं लुगडं, लग्नाकार्यापुरतं काढायचं.
"तुमची चूक म्हणतात," मी म्हटलं,
"अकरा लाख जप्त.
उरलेलं काम दुसऱ्याकडून,
त्याचा जादा खर्चही तुमच्याच अंगावर."
शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली.

"चाळीस मीटर जागाच दिली नाही की त्यांनी!
कुणाची तरी काजूची झाडं, त्यावर कोर्टाची मनाई.
मी काय हवेत पाया भरू?
मग पाणी चढलं, मिक्सर गेला वाहून,
सळ्या तेवढ्या राहिल्या, त्याबी वाकून."
मी उत्तर टाइप करत गेले.
ते बोलत होते, पंखा बंद होता,
मला पावणेसहाची टपाल गाडी दिसत होती.

वर्षभरानं बेळगावात, लवादापुढे,
अनुवाद खरा की खोटा एवढ्यासाठी मला बोलावलं.
टेबलावर मोजमाप पुस्तिका. खात्याच्या मते बासष्ट मीटर,
बिर्ज्यांच्या मते चौऱ्याहत्तर.
मधले बारा गाळाखाली आहेत
आणि गाळाला कुणी साक्षीला बोलावलेलं नाही.

सरकारी वकिलानं चष्मा पुसला, पत्र उचललं,
आमचंच, एकोणीस जूनचं:
"केलस निल्लिसिदेवु.
काम आम्ही थांबवलं. हे त्यांचेच शब्द, साहेब."

त्यांचे नव्हते.
ते म्हणाले होते, काम थांबलं.
निंतितु.
एवढंच लिहायचं होतं.
पण मला त्या संध्याकाळी वाटलं,
ज्याच्या हाताखाली तीस माणसं, त्या माणसाचं काम
आपोआप कसं थांबेल?
मालकाला शोभेलसं क्रियापद दिलं मी.
मानानं दिलं.

उभी राहिले. "साहेब, तो शब्द माझा आहे."
लवादानं विचारलं, "आपण या वादात पक्षकार आहात?"
"नाही."
"बसा. नोंद घेतली."
लघुलेखकाची बोटं हलली नव्हती.
बिर्ज्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
त्यांना अजून कळलंच नव्हतं
कुठल्या अक्षरावर एवढा वेळ गेला.
पुढची तारीख पडली.

परतताना पुलाजवळ उतरले.
एप्रिलची नदी, घोट्याइतकी.
भिंत जिथे संपते तिथल्या सळ्यांना
बायकांनी दोऱ्या बांधून चादरी वाळत घातलेल्या.
एक पोर सळीवरच्या गंजाच्या रेघेला बोट लावून सांगत होतं,
गेल्या साली पाणी इथवर.
मी पावलं मोजत गेले, भिंतीच्या कडेनं,
साठ, एकसष्ट, बासष्ट,
आणि पुढे गाळ,
त्यात चप्पल रुतली.

निंतितु म्हणजे थांबलं.
निंतितु म्हणजे उभं राहिलंही.
हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं,
सांगितलं असतं तरी
निल्लिसिदेवु ते निल्लिसिदेवुच.

चादर पिळणाऱ्या बाईनं विचारलं,
"यावाग मुगीतैती?"
केव्हा संपायचं हे.
मला खात्याची समजली असणार, हातात फाइल होती.
मी जरा वेळ घेतला.
"गोत्तिल्ल," म्हटलं, ठाऊक नाही.
हा शब्द मात्र
दोन्ही बाजूंनी तपासून दिला.